१८० डॉलरची ती बोली कुणाची?

"सप्रेम नमस्कार. मी अकरा वर्षांपासून न्यू जर्सीत एडिसनला राहतो. माझे आजोबा कराडजवळच्या एका गावात न्हावीकाम करायचे. त्यांच्या धोकटीत एक रुंद पात्याचा वस्तरा होता, त्याला घरात सगळे 'शेफिल्ड' म्हणत, इंग्लंडमधल्या त्या पोलादी पात्यांच्या शहरावरून. तसा एखादा आपल्याकडे असावा म्हणून मी वर्षभर ईबेवर शोधत होतो. गेल्या आठवड्यात वेड अँड बुचरचा एक वस्तरा लिलावात दिसला. पातं चांगलं इंचभर रुंद, शिंगाची मूठ, पात्यावर 'फॉर बार्बर्स यूज' ही अक्षरं, मानेवर 'शेफिल्ड इंग्लंड'. वर्णनात लिहिलं होतं, 'सुमारे १८३०'.

बुधवारी रात्री भाव ४१ डॉलर होता. मी माझी कमाल बोली १८५ टाकली, भाव ४२ झाला आणि मी पुढे आलो. गुरुवारी दुपारी २ फीडबॅकवाल्या (म्हणजे आधीच्या व्यवहारांचे दोनच शेरे असलेल्या) कुणीतरी नऊ मिनिटांत सात बोल्या लावल्या: ६०, ८०, १००, १२५, १५०, १७५, २००. मी मागे पडलो. वीस मिनिटांनी त्याने 'आकडा चुकला' असं कारण देऊन माघार घेतली आणि भाव पुन्हा ४२ वर आला. संध्याकाळी शून्य फीडबॅकवाल्या दुसऱ्या कुणी एकच बोली लावली, १८० ची. मग रविवारपर्यंत कुणी फिरकलं नाही. मी १८२.५० ला जिंकलो. नंतर सहज शोधलं, तर याच विक्रेत्याने ऑगस्टमध्ये हाच वस्तरा २११ ला 'विकलेला' दिसला. मुठीच्या खिळ्यापाशी उडालेला टवका तोच, फोटोही तेच. बायको म्हणते, सोडून दे. ही फसवणूक आहे का? पैसे भरू की नको? आणि या वस्तऱ्याची खरी किंमत काय?
– चक्रावलेला, एडिसन"

नमस्कार चक्रावलेले,

आधी घाईचं सांगतो. पैसे आज भरू नका, पण गप्पही बसू नका. ईबेवर चार दिवस उलटले की विक्रेता 'खरेदीदाराने पैसे दिले नाहीत' म्हणून सौदा रद्द करू शकतो आणि तो डाग तुमच्या खात्यावर बसतो. चूक दुसऱ्याची आणि शेरा तुमच्या नावावर, असं व्हायला नको.

आता गुरुवारी काय घडलं ते बघू. आपल्याकडे बैलबाजारात रुमालाखाली बोटं दाबून सौदा ठरायचा. घेणाऱ्याची तयारी कितीची आहे हे शेजारी उभ्या असलेल्यालाही कळू नये, एवढ्यासाठीच तो रुमाल. ईबेवर तुम्ही कमाल बोली टाकता तेव्हा असाच एक रुमाल अंथरला जातो. १८५ हा आकडा यंत्राला माहीत असतो, बाकी कुणाला नाही. समोरच्याच्या बोलीपेक्षा एक पायरी वर एवढाच भाव यंत्र दाखवतं. ४१ होते, तुमचे ४२ झाले. २५ ते १०० डॉलरच्या दरम्यान पायरी एक डॉलरची असते. शंभर ओलांडले की २५० पर्यंत ती अडीच डॉलरची होते.

हा रुमाल उचलून खाली बघायची वाट एकच: तुमच्या वर जायचं. २ फीडबॅकवाल्याने तेच केलं. ६० टाकले, तुम्ही पुढेच. १०० टाकले, पुढेच. १७५ टाकले, तरी तुम्हीच पुढे. २०० टाकल्यावर तो पुढे गेला आणि भाव १८७.५० दिसला. १८७.५० मधून पायरीचे अडीच वजा केले की उरतात १८५. तुमचं पाकीट उघडं पडलं. मग माघार. लिलाव संपायला बारा तासांपेक्षा जास्त वेळ असेल तर माघारीबरोबर त्या माणसाच्या सगळ्याच बोल्या पुसल्या जातात. म्हणून भाव ४२ वर आला आणि तुम्हाला 'पुन्हा तुम्हीच आघाडीवर' असा निरोप आला असणार. तुम्हाला बरंही वाटलं असेल.

संध्याकाळचा गडी थेट १८० वर उतरला. त्याने १९० टाकले असते तर वस्तरा त्याच्याच गळ्यात पडला असता. १७० टाकले असते तर तुमचे दहाएक डॉलर वाचले असते. १८० मध्ये तुम्ही जिंकणार हे पक्कं आणि तुमच्या १८५ पैकी जवळजवळ सगळे निघणार हेही पक्कं. त्या दोन खात्यांना वगळलं तर तुमच्या खालची खरी बोली ४१ ची होती, म्हणजे वस्तरा तुम्हाला ४२ ला मिळायला हवा होता. फरक १४०.५० डॉलरचा. विक्रेत्याच्या घरातल्या कुणाला गुरुवारी दुपारचा अर्धा तास मोकळा सापडला असेल, तर त्याने बरी कमाई केली म्हणायची.

सापडला असेल तर, असं मी मुद्दाम म्हणतोय. हे सिद्ध करणं तुमच्या-माझ्या हातात नाही. ती खाती कुठल्या घरातून, कुठल्या इंटरनेट जोडणीवरून चालली हे ईबे पाहू शकतं, आपण नाही. नवशिके लोक पायरीपायरीने बोली चढवतातच, त्यात काही वावगं नाही. मीही सुरुवातीला रात्री जागून तेच करायचो. १८० हा गोल आकडा आहे, तो कुणालाही सुचू शकतो. शून्य फीडबॅक म्हणजे खोटं खातं असं धरलं तर पहिली खरेदी करणारा प्रत्येक माणूस चोर ठरेल. एकेक गोष्ट सुटी घेतली तर प्रत्येकीला काही ना काही कारण सापडतं.

मला खटकते ती माघार. ज्याचा आकडा खरोखर चुकतो तो २० च्या जागी २०० टाकतो, १७५ वरून मोजून-मापून २०० वर जात नाही. आणि चुकला तरी नियमाप्रमाणे त्याने लगेच बरोबरचा आकडा टाकायचा असतो. याने टाकला नाही, तो दिसेनासा झाला. वस्तरा हवा असलेला माणूस दोनशेची तयारी दाखवून रविवारपर्यंत एकदाही डोकावत नाही, यावर माझा विश्वास बसत नाही. पैजेवर विचाराल तर मी 'बोली फुगवलेली आहे' या बाजूने पैसे लावीन. तक्रारीत मात्र एवढंही लिहू नका. घडलं ते तेवढं लिहा.

ही खोड काल-परवाची नाही. २००० च्या मे महिन्यात ईबेवर एक अमूर्त चित्र २५ सेंटपासून लिलावात लागलं. कोपऱ्यात 'आरडी ५२' अशी अक्षरं. पाहणाऱ्यांनी ती रिचर्ड डीबेनकॉर्न या नामवंत अमेरिकन चित्रकाराची सही समजली आणि बोली १,३५,८०५ डॉलरवर गेली. मग उघड झालं की विकणाऱ्याने आपल्याच मालावर बोली लावली होती. तो पेशाने वकील. साथीदारांबरोबर एकमेकांच्या लिलावात बोल्या चढवायचा त्यांचा नेहमीचा परिपाठच निघाला. सौदा रद्द झाला, खटला उभा राहिला आणि २००१ मध्ये त्याने गुन्हा कबूल केला. तेव्हा 'एवढ्याशा वस्तऱ्यासाठी कोण एवढं करतंय' असं समजू नका. त्या मंडळींचा धंदासुद्धा किरकोळ चित्रांवर चालायचा, हे एक मोठं निघालं म्हणून पकडले गेले.

ऑगस्टच्या २११ कडे वळू. 'विकलं' अशा शिक्क्याने दिसणारा भाव म्हणजे लिलाव तिथे थांबला, एवढंच. कुणी पैसे दिले की नाही हे त्यावरून कळत नाही. घेणाऱ्याने पैसे बुडवले असतील. किंवा विक्रेत्याचाच माणूस चुकून जिंकला असेल. समोरचा थांबला आणि बोली याच्याच अंगावर आली, असं फुगवणाऱ्यांच्या बाबतीत होतं. किंवा वस्तरा गेला, पोचला आणि परत आला. या तिसऱ्या शक्यतेचा विचार तुमच्याकडून राहून गेलाय असं पत्रावरून वाटतं, आणि मला तीच जास्त छळते आहे. परत का आला असेल?

म्हणून विक्रेत्याला आज लिहा, ईबेच्याच निरोपातून, बाहेरच्या ईमेलवरून नाही. आरोप नको, आवाज चढवायला नको. 'ऑगस्टमध्ये हाच वस्तरा विकला गेल्याचं दिसतं, तो परत आला होता का, कशामुळे? बोलींच्या यादीत २०० ची माघार आणि त्यानंतरची १८० ची बोली पाहून मला शंका आहे. शिवाय वर्णनातला काळ बरोबर वाटत नाही. सौदा रद्द करावा ही विनंती.' एवढं पुरे. त्याच दिवशी ईबेकडे बोली फुगवल्याची तक्रार नोंदवा. लिलावाचा क्रमांक आणि माघारीची वेळ द्या. यादीचा स्क्रीनशॉट काढून ठेवा. विक्रेता सरळ असेल तर तो रद्द करील, एखादवेळी चाळीस-पन्नासला देऊ करील. तोंड वाकडं करून 'पैसे भरा नाहीतर' म्हणाला, तर तोही निरोप तक्रारीला जोडा.

काळाबद्दल मी उगीच बोललो नाही. शेफिल्डचे विल्यम आणि सॅम्युएल बुचर हे भाऊ, रॉबर्ट वेड त्यांचा न्यूयॉर्कचा एजंट. त्यांचा माल अमेरिकेत ढिगाने यायचा. १८९० च्या मॅकिन्ली जकात कायद्याने परदेशी मालावर देशाचं नाव घालायची सक्ती केली. त्याआधी कुणीच 'इंग्लंड' घालत नव्हतं असं नाही, पण अमेरिकेत सापडलेल्या वस्तऱ्यावर 'शेफिल्ड इंग्लंड' दिसलं की माझं पहिलं अनुमान १८९० नंतरचं असतं. त्यात 'फॉर बार्बर्स यूज'ची पाती बहुधा दोन्ही अंगांनी खोल, अंतर्गोल घासलेली असतात. इतकं खोल घासणं रुळलं ते एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. १८३० मधलं पातं पाचरीसारखं जाड असतं. आजोबांच्या वेळच्या सुरीला शिवकालीन कट्यार म्हणावं, त्यातला हा प्रकार. विक्रेता अडाणी असेल किंवा लबाड असेल, वर्णन चुकीचं आहे हे तुम्ही शिक्क्याकडे बोट ठेवून दाखवू शकता. बोली फुगवल्याचं सिद्ध होवो न होवो, 'वर्णनाप्रमाणे वस्तू नाही' हा मुद्दा तुमच्या हातात राहतो.

आता किंमत. खरं तर इथेच सगळा जीव आहे, पण पत्रं येतात ती बोल्यांची. वस्तऱ्याला धार लावताना पाठ आणि धार दोन्ही एकदम दगडावर टेकतात, कारण कोन पाठच ठरवते. त्यामुळे जितका वस्तरा घासला तितकी पाठही झिजते. वरून सरळ पाठीचा फोटो मागा. दोन्ही बाजूंना सारखी बारीक चकाकती पट्टी दिसली तर घासणारा जाणता होता. एका बाजूला रुंद चपटी पट्टी आणि दुसरीकडे काहीच नाही, तर वस्तरा तिरका घासलाय आणि त्याची धार सरळ करता करता तुमचा जीव जाईल. मग धारेचा फोटो, कपड्यावर आडवा ठेवून. धार मधोमध आत गेलेली दिसली, चिडलेल्या माणसाच्या ओठासारखी, तर ती सपाट दगडावर मधे टेकतच नाही.

आणि झळाळी बघून भुलू नका. पातं आरशासारखं चमकतंय म्हणजे बहुतेक ते यंत्राच्या चाकावर घासलेलं असतं. पातळ धार त्या चाकावर तापते आणि एकदा जास्त तापली की पोलादाचं पाणी उतरतं, मग ती धार धरत नाही. 'फॉर बार्बर्स यूज' ही अक्षरं तुमच्या फोटोत ठळक आहेत की धुतल्यासारखी, हे बघा. पातं चकचकीत आणि अक्षरं मात्र पुसट, म्हणजे वरचा थर गेला. पातं चकचकीत असूनही अक्षरं नको इतकी ताजी आणि सोनेरी दिसली, तर ती कधी कोरली हेही विचारा. मला काळपट, कुणी हात न लावलेलं पातं जास्त आवडतं. डाग दिसतात तरी.

माझीच गोष्ट सांगतो. काही वर्षांपूर्वी जर्मनीतल्या झोलिंगेनचा एक वस्तरा लिलावात घेतला, अगदी कागदासारखं पातळ पातं. आठ फोटो होते, आठही एकाच अंगाचे. मला ते तेव्हा लक्षात आलं नाही, कारण कुणीतरी माझ्याबरोबर बोली चढवत होता आणि मी हरायला तयार नव्हतो. वस्तरा आला. नेहमीच्या सवयीने नखाने धारेला हलकी टिचकी मारली. चांगलं पातळ पातं टिचकीला बारीक घुंगरासारखं वाजतं. हे बद्द वाजलं, फुटक्या कपासारखं. भिंगाखाली टोकापासून जेमतेम चार मिलिमीटरवर केसाएवढी चीर, धारेतून वर चढलेली. तशा वस्तऱ्याने दाढी करायची नसते. तो तुटतो तेव्हा गालावर तुटतो. माझ्या कपाटात तो अजून आहे. त्या दिवशी समोरचा बोली लावणारा खरा होता की खोटा, मला आजतागायत माहीत नाही, आणि त्याने फरकही पडत नाही. चीर तर खरी होती.

तुमच्या वस्तऱ्याची मूठ शिंगाची आहे, ते बरंय. सेल्युलॉइडची कुजायला लागली की तिच्यातून आम्लाची वाफ निघते आणि मिटलेल्या पात्याला आतून गंज चढवते. हस्तिदंताच्या भानगडीत तर पडूच नका: ईबेने त्याची विक्री कधीच बंद केली आहे आणि तुमच्या न्यू जर्सीने २०१४ मध्ये कायद्याने.

तर आकडा? पाठ सारखी, धार सरळ, चीर नाही, धारेजवळ काळे खड्डे नाहीत, अक्षरं जागची, असं असेल तर मी या वस्तऱ्याला आनंदाने शंभर-सव्वाशे दिले असते. एक जरी गोष्ट बिघडलेली निघाली तर चाळीसच्या वर जायचं कारण दिसत नाही, आणि त्या दोन खात्यांशिवाय बाजारही तुम्हाला तेच सांगत होता. १८५ चा आकडा तुम्ही फोटो बघून काढला नाहीत, हे तुमचं पत्रच बोलतंय. तो आजोबांच्या धोकटीतून आला. त्यात लाजण्यासारखं काही नाही. पण लिलावाच्या खिडकीत टाईप करायचा तो आकडा वेगळा ठेवा, आणि तो बुधवारी टाकू नका.

ईबेचा लिलाव घड्याळाच्या ठोक्याला बंद होतो. शेवटच्या आठ-दहा सेकंदांत, एकदाच, आपला खरा आकडा टाकला की रुमाल उचलून बघायला कुणाला वेळच उरत नाही. काही जण याला चोरटेपणा म्हणतात. म्हणोत. सगळीकडे ही युक्ती चालते असं मात्र नाही: जपानच्या याहू ऑक्शनवर, जिथे कामिसोरी म्हणजे जपानी वस्तरे मिळतात, तिथे विक्रेत्याने तशी सोय ठेवली असेल तर शेवटच्या पाच मिनिटांत बोली आली की वेळ आणखी पाच मिनिटांनी वाढते. तिथे आधी आकडा ठरवून, टाकून, झोपायला जाणंच बरं.

हेही लक्षात ठेवा. या सौद्यातून सुटलात आणि आठवड्याने 'पहिल्या खरेदीदाराने माघार घेतली, तुम्हाला तुमच्याच बोलीला देतो' असा दुसऱ्या संधीचा निरोप दुसऱ्या कुठल्या लिलावावर आला, तर तुमची कमाल बोली ही त्या वस्तूची किंमत नसते. उत्तर दिलंच पाहिजे असं नाही.

आता पत्रातल्या ज्या ओळीवर माझी नजर अडली ती. आजोबांच्या वस्तऱ्याला 'सगळे शेफिल्ड म्हणत', असं तुम्ही लिहिलंय. त्यावर काय लिहिलं होतं हे लिहिलेलं नाही आणि ती धोकटी आता कुठे आहे हेही नाही. अशा धोकट्या फेकल्या जात नाहीत. माळ्यावरच्या ट्रंकेत, जुन्या पट्ट्याबरोबर आणि झिजलेल्या दगडाबरोबर पडून असतात. गावाकडे चुलते असतील, आत्या असेल, त्यांना या रविवारी फोन करा. वस्तरा सापडला तर तो सावकाश उघडायला सांगा, पात्याला बोट न लावता, आणि मुठीपासून पातं सुरू होतं त्या मानेवरची अक्षरं उजेडाकडे धरून एकेक करून वाचायला सांगा. गंज असेल तर घासू नका म्हणावं, थोडं खोबरेल चोळून रात्रभर ठेवा. अक्षरं निघाली की मला कळवा, मग त्याचा काळ आपण दोघं मिळून शोधू.